विष्णुपुरीच्या धुऱ्यावरचे बहुरूपी

गावात बहुरूपी यायचा ते दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. खाकी कपडे घालून, हातात दांडू घेऊन तो दारात उभा राहायचा आणि "चला, तुमच्या नावाचं वॉरंट हाय" म्हणून दरडावायचा. पोरे आईच्या मागे लपायची. जाणती माणसे मात्र हसून त्याच्या झोळीत पसाभर ज्वारी घालायची. वनस्पतींमध्येही असे बहुरूपी असतात, हे आम्हाला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले आणि तेही आमच्या मुलीमुळे.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षणाने बी. कॉम. झाडाझुडपांचा आणि आमचा संबंध कुंपणापुरताच. मुलगी गेल्या वर्षी बी. एस्सी.ला गेली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातले एक चित्र तिने आम्हाला दाखविले आणि विचारले, "बाबा, ही माशी आहे की फूल?" आम्ही चष्मा लावून पाहिले. तपकिरी, मखमली पोट, कडेने लव, वर चमकदार ठिपका. आम्ही म्हणालो, मधमाशी. ती म्हणाली, फूल. युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या काठाने वाढणारी ती एक आमरी. ऑर्किडला आपल्या मराठीत आमरी म्हणतात, हेही तेव्हाच समजले.

मग तिने सगळी हकीकत सांगितली. या आमरीच्या फुलात मध नसतो. ती मादीचे सोंग घेते. नुसते रूपाचे नाही, तर वासाचेही. मादी माशीच्या अंगाला जो वास असतो तसाच वास हे फूल सोडते. नर माशी भुलून त्यावर उतरते, झोंबते आणि परागकणांची चिकट गाठोडी डोक्याला लावून निघून जाते. पुढच्या फुलावर पुन्हा फसते आणि ते गाठोडे तिथे पोचते होते. जमा-खर्चाच्या भाषेत सांगायचे तर माल पोचला, पण हमालाला हमाली मिळाली नाही.

आम्ही शंका काढली. फुलाला ना डोळे, ना मेंदू. मग ते नक्कल करते कशी? मुलगी म्हणाली की ते ठरवून काही करीत नाही. ज्या रोपांची फुले योगायोगाने थोडी अधिक मादीसारखी दिसली किंवा वासाला तशी लागली, त्यांच्याकडे नर अधिक आले, त्यांना बी अधिक धरले. हजारो पिढ्या असे होत गेले आणि सोंग पक्के झाले. कर्ता-करविता कुणी नाही. हे आम्हाला पटले.

आम्हाला अधिक आवडली ती हे शोधणाऱ्या माणसांची गोष्ट. खुद्द डार्विनने १८६२ साली आमरीच्या परागीभवनावर आख्खे पुस्तक लिहिले, पण मधमाशीसारख्या दिसणाऱ्या या आमरीचे कोडे त्याला सुटले नाही. ते सोडविले अल्जेरियातल्या पुयान नावाच्या एका न्यायाधीशाने. कोर्टाचे काम संपले की हा गृहस्थ माळावर जाऊन बसायचा. कितीतरी वर्षे पाहून त्याच्या ध्यानात आले की फुलावर फक्त नरच येतात, आणि तेही माद्या बाहेर पडण्यापूर्वीच्या दिवसांत. १९१६ साली त्याने एका स्विस वनस्पतितज्ज्ञाच्या जोडीने हे छापले. पुढे १९२७ साली ऑस्ट्रेलियात ईडिथ कोलमन या बाईंनी तिथल्या एका आमरीबद्दल तेच सिद्ध केले. त्या आमरीवर येते ती गांधीलमाशीच्या जातीतली एक माशी. या बाई पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. शास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. माशी फुलात उलटी शिरते, हे आधी त्यांच्या मुलीने पाहिले होते. १९४९ साली त्यांना ऑस्ट्रेलियाचे निसर्ग-इतिहासाचे पदक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. न्यायाधीश आणि शिक्षिका हे करू शकतात, तर कारकुनाने निदान बघायला जायला काय हरकत आहे, असे आमच्या मनात आले.

मुलीने विचारले, "आपल्याकडे असं काही सापडेल का?" तेव्हा आम्ही विष्णुपुरीचा बेत केला.

नांदेडकरांना विष्णुपुरीची ओळख करून द्यायला नको, परंतु बाहेरगावच्या वाचकांसाठी चार ओळी. नांदेड शहरातून गोदावरीचा पूल ओलांडून लातूर रस्त्याला लागले की वसरणी, असर्जन करीत आठ-दहा किलोमीटरवर विष्णुपुरी येते. पूर्वी हे नदीकाठचे साधे खेडे. काळेश्वराचे देऊळ आणि काळ्या जमिनीची शेते, एवढीच त्याची ओळख. आता इथे गोदावरीवर बंधारा आहे आणि त्याच्या मागे शंकरसागर जलाशय पसरला आहे. नदीचे पाणी पंपांनी उपसून उंचावरच्या शेतांना द्यायचे अशी ही योजना असून ती आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांपैकी एक म्हणून सांगितली जाते. नांदेड शहराच्या नळाला येणारे पाणीही इथलेच. गुरू गोविंदसिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून इथे आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनालाच स्थापन झाले. त्याचा ज्ञानतीर्थ परिसरही इथेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालयही आता याच गावच्या शिवारात आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसे या शिवारात रोजंदारीने निंदायला यायची. आता त्यांची नातवंडे पाठीला दप्तर अडकवून सिटी बसमधून उतरतात. या एका गोष्टीसाठी आम्हाला विष्णुपुरीचा रस्ता नेहमीच बरा वाटतो.

ऑगस्टच्या अखेरचा रविवार होता. आम्ही, मुलगी आणि मुलीची आई असे तिघे सकाळी ऑटोने निघालो. डब्यात भाकरी आणि ठेचा. पाऊस चार दिवस उघडला होता. बंधाऱ्याचे दोन दरवाजे उघडे होते आणि खाली लाल पाण्याचा धूर उठत होता. मुलीच्या ओळखीचे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक तिथे भेटणार होते. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

सर आल्या आल्या म्हणाले, "मधमाशीची आमरी शोधायला आलात? इथं नाही मिळायची." आमचा चेहरा पडला. सरांनी समजावून सांगितले की बहुतेक आमऱ्यांना दमट हवा लागते. आपल्या मराठवाड्यात त्या थोड्याच. जुन्या आंब्याच्या फांदीवर वाढणारी रास्ना ही त्यांतली एक. तिची तपकिरी जाळीदार फुले सुंदर असतात. परंतु जिचे फूल हुबेहूब मधमाशी बसल्यासारखे दिसते, अशी आमरी महाराष्ट्रात आहे. ती सह्याद्रीत, आंबोलीकडच्या आणि त्याखालच्या कोकणातल्या झाडांवर. तिच्या लांब दांड्यावर उन्हाळ्यात ही फुले येतात. तिचे शास्त्रीय नाव कॉटोनिया.

"या नावात तुमची गोदावरी आहे," असे म्हणून सरांनी बंधाऱ्याकडे बोट दाखविले. फ्रेडरिक कॉटन नावाचा मद्रासकडचा एक इंग्रज लष्करी इंजिनिअर होता. त्याला आमऱ्या गोळा करण्याचा नाद. रॉबर्ट वाइट या वनस्पतितज्ज्ञाने या आमरीला त्याचे नाव दिले. आणि या फ्रेडरिकचा थोरला भाऊ म्हणजे सर आर्थर कॉटन, ज्याने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर धरण बांधले. ते १८५२ साली पुरे झाले. म्हणजे आपल्या पायाखालून हे पाणी निघते ते पुढे थोरल्या कॉटनच्या बंधाऱ्याला जाऊन भिडते आणि धाकट्या कॉटनचे नाव मात्र कोकणच्या झाडावर लटकते. मुलीने हे वहीत लिहून घेतले. आम्हालाही मजा वाटली, पण आंबोली कुठे आणि नांदेड कुठे! सुटी मिळणार कधी आणि खर्च किती? आम्ही मनातल्या मनात एस.टी.च्या भाड्याचा हिशेब करू लागलो.

सरांनी ते ओळखले असावे. म्हणाले, "आंबोलीला कशाला जाता? तुमच्या धुऱ्यावरच एक सोंगाड्या बसलाय. चला."

विद्यापीठाच्या अलीकडे सोयाबीनचे आणि कापसाचे शेत होते. धुऱ्यावर पाच-सहा बायका खुरपणी आटोपून सावलीला बसल्या होत्या. सर खाली वाकले आणि जमिनीसरसा पसरलेला एक वेल त्यांनी उचलून धरला. निळसर हिरवी, गोल, देठाशी खाच असलेली पाने. आम्ही पाहताच ओळखले. मराठवाड्यात काळ्या रानात वाढलेल्या कुणालाही तो ओळखू येईल. ती किडामार होती. कुणी किडामारी म्हणतात.

परंतु तिचे फूल मात्र आम्ही जन्मात कधी नीट पाहिले नव्हते. पानाच्या बगलेत एकच फूल. खाली फुगीर गोळा, त्यावर बारीक नळी आणि नळीच्या तोंडाशी गडद जांभळी, जवळजवळ काळी जीभ. पाकळ्या वेगळ्या नाहीत. लांबून पाहिले तर वाळून काळा पडलेला मांसाचा तुकडा वाटावा. वास कुबट. सरांनी खिशातून ब्लेड काढून एक फूल उभे चिरले आणि मुलीच्या तळहातावर ठेवले. खालच्या गोळ्यातून दोन बारीक चिलटे बाहेर पडून उडाली. तिसरे परागाने माखलेले होते आणि तिथल्या तिथे फिरत होते.

मुलीने भिंग लावले. नळीच्या आत केसांची दाट रांग, सगळे केस आत वळलेले. सरांनी सांगितले ते असे. काहीतरी सडले आहे अशा समजुतीने चिलट नळीत शिरते. केस आत वळलेले असल्यामुळे आत जायला अडचण नाही, बाहेर यायला मात्र वाट नाही. आत स्त्रीकेसर तयार असते. चिलट आधीच्या फुलातून आलेले असेल तर त्याच्या अंगावरचे पराग तिथे लागतात. ते रात्रभर कोठडीत राहते. मग पुंकेसर फुटतात आणि चिलटाच्या अंगावर नवे पराग पडतात. त्यानंतर नळीतले केस सुकून जातात आणि कोठडीचे दार उघडते. चिलट सुटते आणि पुढच्या फुलात पुन्हा शिरते.

"एवढं होऊन पुन्हा?" मुलीच्या आईने विचारले.

"पुन्हा," सर म्हणाले. "आपण नाही का शिरत?"

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भूमध्य समुद्राच्या काठी किडामारीची एक बहीण वाढते. तिचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही बारीक माश्या दुसऱ्याने मारलेल्या ढेकूणवर्गीय किड्याच्या रसावर जगतात. ते फूल नुकत्याच मेलेल्या किड्याचा वास सोडते आणि त्या माश्या धावून येतात. आपल्या माळरानावर खरपुडी असते, जिचे कंद गुराखी पोरे उकरून खातात. तिचे फूल कंदिलासारखे, आणि कोठडीची रीत तीच. खरपुडीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका भावंडाबद्दल २०१६ साली असे दिसून आले की ते जखमी मधमाशीसारखा वास काढते, कारण कोळ्याने पकडलेल्या मधमाशीचा रस चोखणाऱ्या माश्या तिला हव्या असतात. म्हणजे आमरी जिवंत मादीचे सोंग घेते, तर ही फुले मेलेल्या किड्याचे आणि मरणाऱ्या माशीचे. मुलीला आंबोलीचा विसर पडला. ती धुऱ्यावर गुडघे टेकून एकेक फूल मोजू लागली.

इथवर आमची सहल सुखाची झाली. पुढचे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, परंतु हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

सावलीला बसलेल्या बायकांपैकी एक म्हातारी मावशी आमच्याकडे बघत होती. म्हणाली, "दादा, ते किडामार हाय. ढोरं तोंड लावत न्हाईत. हाताला लागलं तर भाकर कडू लागती. पर लेकराच्या जंताला लई गुणाचं." आम्ही हसून मान हलविली आणि मोठ्या अभिमानाने सरांना म्हणालो, "हे तर आम्ही छापून वाटलंय."

सरांच्या तोंडावरचे हसू गेले. त्यांनी विचारले, "काय छापून वाटलंय?"

गोष्ट २००९ सालची. आमच्या मंडळाने वस्तीत आरोग्याचा कार्यक्रम घेतला होता. डॉक्टरची फी परवडत नाही, म्हणून 'घरगुती औषधे' नावाचे एक पानी पत्रक आम्ही काढले. मजकूर आम्हीच जमविला. काही आईच्या तोंडून ऐकलेला, काही एका जुन्या पुस्तकातून घेतलेला. पाचशे प्रती. छपाईची पावती अजून आमच्या फायलीत आहे. त्यात सातव्या क्रमांकाला जंतावर किडामारीच्या पानांचा रस दिला होता. एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत किडामारीचे दोन वेल आणून लावले, म्हणजे कुणाला शोधत फिरायला नको.

सर मावशीजवळ जाऊन बसले आणि तिला व आम्हाला एकदमच सांगू लागले. किडामारीच्या कुळात एक विष असते. त्याला ॲरिस्टोलोकिक आम्ल म्हणतात. ते मूत्रपिंड हळूहळू सुकवून टाकते, आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही करते. लगेच काही दिसत नाही. काही वर्षांनी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली या कुळातील वनस्पती असलेल्या औषधांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात.

आम्ही वाद घातला. कारकुनी स्वभाव, पुरावा मागितला. आमच्या आईने आम्हाला लहानपणी दिले होते आणि आम्ही धडधाकट आहोत, असेही सांगितले. सर म्हणाले की तुमच्या वडिलांच्या वयाचा एखादा माणूस सत्तर वर्षे विड्या ओढूनही जगला असेल, म्हणून विडी औषध ठरत नाही. मग त्यांनी दोन हकीकती सांगितल्या.

पहिली बेल्जियमची. ब्रुसेल्स शहरात वजन उतरविण्याच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. एका वनस्पतीच्या जागी चुकून किडामारीच्या कुळातली दुसरी आली. चांगल्या धडधाकट बायकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १९९३ साली डॉक्टरांनी हे जाहीर केले. असे रुग्ण पुढे शंभरावर निघाले. कित्येकांना डायलिसिस, कित्येकांना मूत्रपिंड बदलावे लागले आणि काहींना पुढे कर्करोग झाला.

दुसरी हकीकत ऐकून मात्र आमच्या पोटात कालवले, कारण ती आमच्यासारख्यांची होती. बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया, रुमानिया या देशांत डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी काही खेडी होती. तिथल्या शेतकऱ्यांची मूत्रपिंडे चाळिशी-पन्नाशीत जायची. एका घरात आजार, शेजारच्या घरात नाही. एका गावात आहे, पलीकडच्या गावात नाही. १९५०च्या दशकापासून डॉक्टर शोधत होते. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी रक्ताला. शेवटी निघाले ते असे की गव्हाच्या रानात किडामारीची बहीण तणासारखी माजत होती. कापणीत तिचे बी गव्हात यायचे, गहू दळला जायचा आणि रोजच्या भाकरीतून थोडे थोडे पोटात जायचे. ज्यांनी जन्मात औषध म्हणून ती वनस्पती हातात धरली नाही, तेही तिने मारले. २००७ साली अमेरिकन आणि क्रोएशियन संशोधकांनी रुग्णांच्या मूत्रपिंडात या विषाची खूण दाखविली आणि वाद बराचसा मिटला.

मावशी सगळे ऐकत होती. म्हणाली, "मंग ढोरं श्यानी म्हणायची." सर म्हणाले, तमिळ भाषेत या वनस्पतीच्या नावातच 'शेळी खात नाही' असा अर्थ आहे.

परतीच्या ऑटोत आम्ही कुणाशी बोललो नाही. पाचशे प्रती. आम्ही आकड्यांचा माणूस, म्हणून हिशेब थांबेना. एका घरात दोन लेकरे धरली तरी किती होतात? कुणी रस दिला, कुणी दिला नाही, कुणी किती वेळा दिला, याची नोंद आमच्याजवळ नाही. पावती आहे, नोंद नाही. चिलटाला फुलाने फसविले तर ते सकाळी सुटते तरी. आम्हाला कुणी फसविले नव्हते. झाडाचे आहे म्हणजे निर्धोक, आईने सांगितले म्हणजे खरे, असे मानून आम्हीच छापले होते आणि खाली 'समाजहितार्थ' असे लिहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर आम्ही वस्तीत फिरू लागलो. मुलगीही सोबत असे. पुष्कळांना ते पत्रक आठवतही नव्हते, हे ऐकून आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा आमच्या कामाच्या विस्मरणाचा आनंद झाला. परंतु अकराव्या घरी एका आजीबाईने पत्र्याची पेटी उघडली. झाकणाला आतून ते पत्रक खळीने चिकटविलेले होते. पिवळे पडलेले, तरी सातवा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. आजीबाई म्हणाल्या, "तुमीच दिलं होतं की भाऊ. मागच्या महिन्यात नातीला दिलं, पोटात दुखत होतं म्हणून." नात सहा वर्षांची.

आम्ही तिच्या आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना खरे ते सांगितले, पत्रकासकट. त्यांनी रागावले नाही. लघवी आणि रक्त तपासले. आकडे ठीक आले. एकदाच आणि थोडे गेले आहे, पुन्हा देऊ नका, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, असे म्हणाले. जंतासाठी अल्बेंडाझोलची गोळी दिली. सरकार ही गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत फुकट देते. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ सालापासून पाळला जातो आणि बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्येही एक फेरी होते.

हे आम्ही मोठ्या उत्साहाने आजीबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत आमी हितं असतो का?" हे आमच्या डोक्यात आले नव्हते. त्यांचे घर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते ते थेट पाडव्याच्या आसपास परतते. लेकरे फडावर. १० फेब्रुवारीला शाळेच्या पटावर नाव असते, लेकरू नसते. मग उसाच्या फडाशेजारच्या धुऱ्यावर जे उगवते, तेच औषध. किडामार तिकडेही असते.

आम्ही वस्तीतल्या आशाताईंना भेटलो. त्यांनी सांगितले की ऑगस्टच्या फेरीत जी घरे तोडीला जाणार आहेत त्यांची लेकरे आधी धरायची आणि चुकलेल्यांना फडावरून परतल्यावर गाठायचे. आम्ही त्यांना यादी करून दिली. एकूण सदतीस लेकरे. यादी करणे हे काम आम्हाला येते. गोळी दिल्यावर नावापुढे खूण करायची हे मुलीने अंगावर घेतले आहे. पत्रकाच्या बावीस प्रती आतापर्यंत परत मिळाल्या. नवे पत्रकही काढले आहे. त्यात एकच मजकूर आहे, आणि छापण्याआधी तो दोन डॉक्टरांकडून वाचून घेतला.

या अंकाच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी ते जुने पत्रक असेल, किंवा कुणाच्या आजीच्या तोंडी हा उपाय असेल, तर कृपा करून थांबवावा. गुरांच्या जखमेवर पाला बांधणाऱ्यांनीही हात धुवावेत. ज्यांनी वारंवार घेतले असेल त्यांनी एकदा लघवी आणि रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

राहिले विहारामागचे दोन वेल. आता ते चांगले हातभर पसरून पार भिंतीपर्यंत गेले होते. सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही खुरपे घेऊन ते उपटायला गेलो. मुलगी आमच्या आधीच तिथे बसलेली. "बाबा, थांबा," म्हणाली. पानाच्या मागे तीन अळ्या होत्या. काळपट लाल, अंगावर मऊ बोंडे आणि मध्यभागी एक पांढरा पट्टा. तिने सांगितले की ही कॉमन रोझ नावाच्या फुलपाखराची अळी. ती याच कुळाची पाने खाते आणि ते विष अंगात साठवून ठेवते. त्यामुळे पक्षी त्या फुलपाखराला तोंड लावीत नाहीत. आणि कढीपत्त्यावर वाढणारे दुसरे एक फुलपाखरू आहे, कॉमन मॉरमन. त्याच्या अंगात विष मुळीच नाही, पण त्याच्या काही माद्या हुबेहूब या विषारी फुलपाखराचे सोंग घेतात, म्हणजे पक्षी त्यांनाही सोडतात.

आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. बहुरूप्याच्या घरी बहुरूपी. शेजारच्या अंगणात कढीपत्त्याचे झाड आहे आणि त्यावर काळी, लाल ठिपक्यांची फुलपाखरे फिरताना आम्ही कितीदा पाहिली आहेत. त्यांतली खरी कोणती आणि सोंगाची कोणती, हे कधी विचारले नव्हते.

मुलगी म्हणाली, "पाटी लावू. वेल राहू द्या." मग आम्ही घरून पत्र्याचा एक तुकडा आणला. पांढरा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहिले : किडामार. विषारी. औषध म्हणून देऊ नये. पाटी रोवताना खुरप्याने एक मूळ तुटले आणि तो कुबट वास हाताला लागला. तीन वेळा साबण लावून हात धुतले, तरी रात्रीची भाकरी कडूच लागली.